सनद एकदाच, कायदा मात्र रोज नवा : वकिलांच्या फेरशिक्षणाचा प्रश्न आणि तालुक्याचा पक्षकार

कोल्हापूर : बांधावरून भांडण झालं, डोकी फुटली, की पोलिस ठाण्यातून परत आलेला माणूस कलमं तोंडपाठ घेऊनच गावात येतो. "तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा लागलंय. चॅप्टर केस पण होणार म्हणत्यात." शिरोळपासून चंदगडपर्यंत कुठल्याही पारावर हे आकडे सगळ्यांना कळतात. शाळा अर्धवट सोडलेल्या म्हाताऱ्यालाही 'तीनशे दोन' म्हणजे काय, 'चारशे वीस' कुणाला म्हणायचं, हे सांगावं लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून हे आकडे कायद्यातून गेले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. ३०२ चं १०३ झालं. ४२० चं ३१८(४) झालं. मारहाणीचं ३२३ आता ११५(२) आहे, शिवीगाळीचं ५०४ आता ३५२ आणि धमकीचं ५०६ आता ३५१. चॅप्टर केसचं १०७ बदलून १२६ झालं, जमावबंदीचं १४४ आता १६३ आहे. दंड संहितेची ५११ कलमं न्याय संहितेत ३५८ वर आली.

पारावरच्या माणसानं जुने आकडे धरून ठेवले तर कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याचं वकीलपत्र घेतलेल्या माणसानं धरून ठेवले तर बिघडतं. आणि नवे आकडे, नवी प्रक्रिया, नवे निवाडे वकिलानं शिकलेच पाहिजेत, अशी सक्ती आपल्या देशात कुठल्याही नियमानं आजच्या घडीला नाही. सनद मिळाली, की पुढची चाळीस वर्षं तो माणूस काय वाचतो, वाचतो की नाही, हे कुणी विचारत नाही. काही स्वतःहून वाचतात, रात्री बारापर्यंत वाचतात. काही वाचत नाहीत. अशिलाला बाहेरून दोघांचे कोट सारखेच दिसतात.

नुसते आकडे बदलले असते तर

कलमांचे नंबर बदलले एवढंच असतं तर भिंतीवर एक तक्ता चिकटवून काम भागलं असतं. अनेक वकिलांच्या टेबलाच्या काचेखाली असा तक्ता आहेही. खरी अडचण त्यापुढची आहे.

एक तर जुना कायदा संपलेला नाही. ३० जून २०२४ च्या रात्रीपर्यंत घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते. त्या तारखेला चालू असलेले खटले जुन्या प्रक्रियेनंच पुढं चालतात, तशी तरतूद नव्या संहितेच्या ५३१ व्या कलमात आहे. म्हणजे एकाच वकिलाच्या एकाच दिवसाच्या बोर्डावर सकाळचा खटला जुन्या कायद्याचा आणि दुपारचा नव्या कायद्याचा, असा प्रकार अजून कितीतरी वर्षं चालणार. आपल्याकडची प्रकरणं किती वर्षं चालतात हे वाचकांना सांगायची गरज नाही.

त्यात काही आकडे फसवे आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करून मागायला उच्च न्यायालयात जायचं कलम. वकिलांच्या तोंडात ते इतकं बसलेलं, की 'फोर एटी टू करूया' म्हटलं की सगळं कळायचं. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. आणि गुन्हा रद्द करण्यासाठीचं कलम ५२८ वर गेलं. आकडा तोच, काम वेगळं.

आता मोबाईलमधल्या व्हिडिओचं बघा. बांध कोरताना, पाइपलाइन फोडताना, वाटेत काट्या टाकताना कुणीतरी मोबाईलवर चित्रण करतंच. पक्षकाराला वाटतं, एवढा ढळढळीत पुरावा असताना केस हरणार कशी? पण तो व्हिडिओ कोर्टात जसाच्या तसा चालत नाही, त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आपल्याच राज्यातल्या प्रकरणात झाला : जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात गेलेला वाद, निकाल १४ जुलै २०२०. तेव्हा कलम होतं ६५ ब. नव्या साक्ष्य अधिनियमात ते ६३ झालं आणि प्रमाणपत्राचा नमुनाच बदलला. आता त्याचे दोन भाग आहेत. 'अ' भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञानं. शिवाय फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलचा अंगठ्याचा ठसा म्हणावा असा आकडा, त्यात लिहायचा. टायपिस्टकडं साठवून ठेवलेला जुना नमुना नाव-तारीख बदलून जोडला, तर समोरचा वकील हरकत घेणार. आणि मूळ मोबाईल तोवर विकला किंवा बिघडला असेल, तर पुरावा गेला.

याहून गंभीर गोष्ट कळंबा कारागृहातल्या माणसाची. नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम सांगतं, की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. पूर्वी ही मर्यादा सरसकट निम्म्या शिक्षेची होती. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तर अडचण येते. पण २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं, की हा फायदा १ जुलै २०२४ च्या आधीपासून आत असलेल्यांनाही मिळतो. समजा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात एखादा ऊसतोड मजूर आत आहे आणि जामीनदार मिळत नाही. त्याला दीड वर्ष थांबायचं की एक वर्ष, हे कायद्यानं ठरवून टाकलंय. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावरही आहे. तरी आत बसलेल्या माणसाची भिस्त असते ती वकिलावर, आणि त्याच्या वकिलाच्या डोक्यात जुनं निम्म्याचं गणित असेल तर सहा महिने फुकट गेले.

बहिणीचा हिस्सा

नव्या फौजदारी कायद्यांची चर्चा तरी झाली. व्याख्यानं झाली, वकिलांच्या संघटनांनी शिबिरं घेतली, बार कौन्सिल ऑफ इंडियानं २० मे २०२४ च्या परिपत्रकानं विधी महाविद्यालयांना नवे कायदे २०२४-२५ पासून शिकवायला सांगितले. पण दिवाणी बाजूला कायदा गाजावाजा न करता, एखाद्या निवाड्यानं बदलतो. तिथं मागं पडलेला वकील लवकर ओळखू येत नाही.

आपल्या भागात सगळ्यात जास्त नाती तोडणारा विषय म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हिस्सा. यातला कायदा गेल्या तीस वर्षांत इतक्यांदा फिरला, की एकदा शिकून भागतच नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दुरुस्ती केली, ती २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि मुलगी मुलासारखीच जन्मानं सहदायक ठरली, लग्न कधी झालं याचा संबंध उरला नाही. मग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की त्या तारखेला वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तेही बदललं : वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा. संरक्षण उरलं ते २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना. तोंडी वाटणी झाली होती, हा बचाव सहजासहजी चालणार नाही, त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार पाहिजे, असंही याच निकालात आहे.

आता विचार करा. २०१६ साली एखादी बहीण तालुक्याच्या कोर्टात वकिलाकडं गेली, आणि "तुमचे वडील २००२ ला वारले, तुम्हाला मिळत नाही" असा सल्ला घेऊन घरी आली. तेव्हा तो सल्ला बरोबर होता. तोच सल्ला तोच वकील २०२१ साली तिच्या धाकट्या बहिणीला देत असेल, तर तो चुकीचा आहे. पण त्या बहिणीला हे कळणार कसं? ती गप्प हक्कसोडपत्रावर सही करून येणार, माहेर तुटू नये म्हणून. उलट बाजूही आहे. भावाच्या वकिलानं 'तोंडी वाटणी झाली होती' एवढ्यावरच सगळी केस उभी केली असेल, तर दहा वर्षं तारखा करून भावाच्या पदरीही काही पडत नाही. दोन्हीकडून पैसा गेला, आणि शेत पडीक.

शेतरस्त्याचंही असंच. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा, पण त्याचा वापर आजही रोज होतो. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदारांकडं दावा करायचा, ही त्यातली अट कित्येकांना वकिलाकडं जाऊन सातव्या महिन्यात कळते. बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं १४३ वं कलम वेगळं. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्याबाबत शासनाचा निर्णय मे २०२५ मधला आहे. आता हे निवाड्यांच्या पुस्तकात सापडत नाही, शासन निर्णय उघडून वाचावा लागतो. खेड्यातल्या माणसाचं निम्मं कोर्टकाम तहसील आणि प्रांत कार्यालयातच असतं, आणि वकिलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांत महसूल कायद्याला फार कमी जागा मिळते.

डॉक्टरला आहे, खताच्या दुकानदाराला आहे

इतर धंद्यांत काय चाललंय हे बघितलं, की वकिली किती मोकळी सोडलीय ते लक्षात येतं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं डॉक्टरची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी होते आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. चार्टर्ड अकाउंटंटला तीन वर्षांत १२० तास. न्यायाधीशांसाठी उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, भोपाळला राष्ट्रीय अकादमी आहे. म्हणजे समोर बसलेल्या साहेबांना शिकवायची सोय आहे, त्यांच्यापुढं उभं राहणाऱ्याला सक्ती नाही. फार कशाला, आपल्या बाजारपेठेतल्या खत-औषध दुकानदारासाठीसुद्धा हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा 'देसी' नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे. शेतकऱ्याला चुकीचं औषध दिलं तर पीक जळतं, म्हणून ही काळजी. चुकीचा अर्ज दिला तर जमीन जाते, त्याची काळजी कुठंय?

वकिलीत प्रवेशाच्या दारावर मात्र पहारा आहे. २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा सुरू झाली. शंभर प्रश्न, पर्यायातून उत्तर निवडायचं, कायद्याचं कोरं पुस्तक सोबत न्यायला परवानगी, आणि उत्तीर्ण व्हायला खुल्या गटाला ४५ टक्के. यापूर्वी बार कौन्सिलनं सनदेआधी वर्षभर प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये व्ही. सुधीर प्रकरणात रद्द केलं : कायद्यानं कौन्सिलला तेवढा अधिकार दिलेला नाही, असं म्हणून. तब्बल चोवीस वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, घटनापीठानं तो निकाल चुकीचा ठरवला आणि बार परीक्षा कायम केली. म्हणजे कौन्सिलच्या हातात अधिकार नाही, ही सबब आता पूर्वीसारखी उरलेली नाही. अॅडव्होकेट्स कायदा १९६१ च्या सातव्या कलमात कायदेशिक्षणाचा दर्जा ठरवणं हे बार कौन्सिल ऑफ इंडियाचं काम म्हणून लिहिलंय, सहाव्या कलमात चर्चासत्रं आणि व्याख्यानं घेणं हे राज्य बार कौन्सिलचं काम म्हणून.

२०१५ च्या नियमांनी वकिलांची दर पाच वर्षांनी पडताळणी करायचं ठरलं. पण ती पडताळणी आहे पदवी खरी की बनावट, माणूस खरोखर वकिली करतो की सनद घेऊन दुसराच धंदा करतो, याची. त्याचीही गरज होतीच, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये त्यासाठी समिती नेमावी लागली. पण पदवी खरी असणं वेगळं आणि ज्ञान ताजं असणं वेगळं. १९९५ ची खरी पदवी आजच्या कायद्याबद्दल काहीच सांगत नाही.

आणि पक्षकाराच्या हातात काय राहिलं? १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे टीव्ही बिघडला, बियाणं उगवलं नाही, तर ग्राहक आयोगात जाता येतं. वकिलानं जुन्या कायद्यावर केस चालवली म्हणून तिथं जाता येत नाही. न्यायालयाची कारणं अगदीच टाकाऊ नाहीत. वकील अशिलाच्या सांगण्याबाहेर जाऊ शकत नाही, कोर्टाच्या निकालावर त्याचा ताबा नसतो, आणि प्रत्येक हरलेला पक्षकार वकिलावर केस करायला लागला तर गोरगरिबांची वकीलपत्रं कुणी घ्यायचं नाही. उरतो तो राज्य बार कौन्सिलकडं कलम ३५ खाली तक्रारीचा रस्ता. पण ती तक्रार गैरवर्तनाची असते. पैसे खाल्ले, समोरच्याला मिळाला, कागद दाबून ठेवले, हे गैरवर्तन. नवा निवाडा माहीत नव्हता, हे तिथं गैरवर्तन म्हणून सहसा टिकत नाही.

थोडक्यात, वकील मागं पडला तर त्याला कुणी शिकायला लावत नाही, आणि त्यामुळं नुकसान झालं तर भरून मागायची सोपी जागा नाही. यातलं पहिलं दार उघडलं, तर दुसऱ्याची गरज बरीच कमी होईल.

खंडपीठाची मागणी झाली, आता काम

या सगळ्याला कोल्हापुरात आज वेगळं वजन आलंय, कारण मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. चाळीस वर्षांहून जास्त काळ सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आंदोलनं केली, काम बंद ठेवलं, मोर्चे काढले. १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १८ ऑगस्टपासून सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकाराची मुंबईची वारी वाचली. पावणेचारशे किलोमीटर, रात्रीची गाडी, लॉजचं भाडं, आणि तिथं पोचल्यावर 'आज बोर्डावर येणार नाही', हे ज्यानं सोसलंय त्याला या बेंचची किंमत विचारावी.

पण अंतर कमी झालं म्हणून काम सोपं झालं नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयात उमेद घालवलेल्या वकिलाचं कसब साक्षी तपासण्यात असतं. उलटतपासणीत तो भल्याभल्यांना घाम फोडतो. उच्च न्यायालयात साक्षीदारच नसतो. तिथं रिट याचिका, अपील, पुनरीक्षण, गुन्हा रद्द करण्याचे अर्ज. दहा पानांत मुद्दा मांडायचा, त्याला निवाड्यांचा आधार द्यायचा, आणि न्यायमूर्तींनी विचारलेल्या एका प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचं. शिवाय मसुदा इंग्रजीत. हे येतं, पण आपोआप येत नाही, शिकावं लागतं. ते शिकायची सोय इथं उभी राहिली नाही, तर पक्षकार कोल्हापुरात आणि त्याचा वकील मुंबईहून आलेला, असं चित्र दिसायला लागेल. मग आंदोलनात उपोषणाला बसलेल्या स्थानिक वकिलांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न त्यांनीच त्यांच्या संघटनेला विचारायचा आहे.

वकिलांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे

सक्ती म्हटलं की वकील मंडळी बिथरतात, त्याला कारणं आहेत. तालुक्याच्या कोर्टात पहिली पाच-सात वर्षं ज्युनिअरची कमाई किती असते, हे कोर्टासमोरच्या चहावाल्यालाही माहीत असतं. त्यातला बराचसा शेतकऱ्याचाच पोरगा असतो, सकाळी दूध घालून, मोटार चालू करून कोर्टात येतो. त्याला प्रशिक्षणाला पुण्या-मुंबईला जा म्हटलं, आणि वर फी भर म्हटलं, तर तो सनद गुंडाळून ठेवेल. चंदगडचा वकील कोल्हापूरला यायचं म्हटलं तरी शंभर किलोमीटरच्या पुढं जाणं, तितकंच येणं. त्या दिवशीच्या तारखा बुडाल्या की अशील नाराज.

दुसरी भीती सरकारी हस्तक्षेपाची. अॅडव्होकेट्स कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा केंद्रानं फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांपुढं ठेवला. त्यात वकिलांच्या कामबंद आंदोलनावर बंदी होती आणि बार कौन्सिलवर केंद्राचे प्रतिनिधी नेमायची तरतूद होती. देशभर वकील रस्त्यावर आले आणि दहा दिवसांच्या आत सरकारनं मसुदा मागं घेतला. अशा वातावरणात कुणी 'शिकलंच पाहिजे' म्हटलं, तरी वकिलाला त्यामागं लगाम दिसतो. तो संशय अगदीच खोटा म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट या मातीतली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. शिक्षणाची दारंच बंद ठेवलेल्या माणसाला शिक्षणाची अट घालणं म्हणजे त्याला बाहेरच ठेवणं, हे महाराजांनी ओळखलं होतं. त्यामुळं कोल्हापुरात वकिलांवर कुठलीही नवी अट घालताना, तिच्यामुळं पहिल्या पिढीतला वकील बाहेर तर पडणार नाही ना, हे आधी बघावं लागेल. फी असेल तर तो पडेल. इंग्रजीतच असेल तर चाचपडेल.

आणि नुसत्या तासांच्या सक्तीनं काय होतं, हे परदेशात दिसून आलंय. अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं १९७५ मध्ये ही सक्ती सुरू केली, तिथं तीन वर्षांत ४५ तास लागतात. कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५. फिलिपिन्ससारख्या देशातही तीन वर्षांत ३६ तास आहेत. पण इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांचा नियम होता, तो त्यांनी नोव्हेंबर २०१६ पासून काढूनच टाकला. तास भरण्यापुरते तास व्हायला लागले होते. आता तिथं वकिलानं स्वतःच आपल्या कामात कुठं उणं पडतंय ते बघायचं, त्याप्रमाणं शिकायचं आणि तशी नोंद ठेवून दरवर्षी जाहीर करायचं, अशी पद्धत आहे. आपल्याकडं हजेरीपत्रकावर सही करून चहा-नाश्ता झाला की मागच्या दारानं जायची कला कुणाला शिकवायला नको. ग्रामसभेचा कोरम कसा भरतो ते सगळ्यांनी पाहिलंय. तासांचा कागद तयार करून देणारी दुकानंही आठ दिवसांत उघडतील.

तेव्हा इथं जमेल असं काय? बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची वकील अकादमी तळोज्याला होतेय, चांगली गोष्ट आहे. पण आजऱ्याच्या, राधानगरीच्या, शाहूवाडीच्या वकिलासाठी तळोजं मुंबईइतकंच लांब. त्यापेक्षा तालुक्याच्या बार रूममध्ये महिन्यातून एक शनिवार, दोन तास, फुकट आणि मराठीत, हे जास्त कामाचं ठरेल. कोल्हापुरात १९३३ पासून शहाजी लॉ कॉलेज आहे, तिथले शिक्षक आहेत. निवृत्त न्यायाधीश आहेत. महसूल कायदा शिकवायला निवृत्त प्रांत-तहसीलदार मिळतील. आणि हजेरीऐवजी काम तपासावं : ६३ कलमाचं प्रमाणपत्र भरून आणा, ४७९ चा अर्ज लिहून आणा, वाटपाच्या दाव्याचा मसुदा आणा. लिहिलेला कागद खोटं बोलत नाही. सक्ती करायचीच तर पहिली दहा वर्षं झालेल्यांपासून करावी. सगळ्यात नव्या पोरांनी नवा कायदा कॉलेजातच शिकलेला असतो, अडचण जुन्याजाणत्यांची आहे. हे बोलायला अवघड आहे, कारण बारच्या निवडणुकीत मतं जुन्याजाणत्यांच्या हातात असतात.

शिकायला साधनं नाहीत, असं मात्र आता म्हणता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं 'संकलन' नावाचं मोबाईल ॲप फुकट आहे, त्यात जुनं कलम टाकलं की नवं समोर येतं. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे २०२३ पासून ई-एससीआरवर पैसे न देता बघता येतात, त्यातले बरेच मराठीत भाषांतर झालेले आहेत. पूर्वी निवाड्यांचे ग्रंथ घ्यायला जमीन गहाण टाकायची वेळ यायची.

सोय वाढली तसा नवा धोकाही आला. मोबाईलला प्रश्न विचारला की निवाडा हजर, पण तो निवाडा खरा असेलच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी एआयनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड बसला. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये आयकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे सापडतच नव्हते. म्हणजे सरकारी अधिकारीही यात फसले. ज्याला मूळ निवाडा कसा शोधायचा हेच माहीत नाही, तो यात पहिला फसणार. शनिवारच्या दोन तासांत हाही विषय लागेल.

तोवर पक्षकारानं आपल्यापुरती काळजी घ्यावी. वकीलपत्रावर सही करताना, "वकीलसाहेब, माझी केस जुन्या कायद्यात की नव्या?" एवढं विचारायला हरकत नाही. चांगला वकील या प्रश्नानं चिडत नाही. मोबाईलमधला व्हिडिओ दुसऱ्याला पाठवून मूळ पुसून टाकू नये, तो मोबाईल जपून ठेवावा. बहिणीच्या हिश्श्याबाबत २०२० पूर्वी घेतलेला सल्ला पुन्हा एकदा तपासून घ्यावा, विशेषतः हक्कसोडपत्र अजून झालेलं नसेल तर. दिलेल्या प्रत्येक अर्जाची झेरॉक्स घरी ठेवावी.

आणि फीची ऐपत नसेल, तर प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो.